गोवरानंतर हिरड्यांतून रक्त, तोंडाला वास आणि सुजलेला गाल: दाढ येण्याची वाट पाहू नका

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा, आधी एवढं करा. मुलीला आजच्या आज ग्रामीण रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा. उद्या बाजाराची जीप मिळेल, परवा दातांचे डॉक्टर बसतात, असला हिशेब आज नको. महिन्याभरापूर्वी येऊन गेलेला गोवर, हिरड्यांतलं रक्त नि घाण वास, आणि आता सुजलेला गाल, या तीन गोष्टी एकाच लेकराच्या बाबतीत ऐकल्या की मी स्वतः एक दिवसही थांबत नाही.

आता सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न उद्या दुसऱ्या कुठल्या सेविकेला किंवा आशाताईला पडेल. तुम्ही लिहिलंय ते असं: पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची अडीच वर्षांची मुलगी. आईबाप द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेले होते, तिकडेच तिला गोवर निघाला. गावी परतल्यावर गेले आठ दिवस हिरड्यांतून रक्त येतंय, लाळ गळतेय, ती घास घेत नाही आणि तोंडाला असा वास येतो की अंगणवाडीतली पोरं तिच्याशेजारी बसत नाहीत. कालपासून डावा गाल सुजलाय. आजी म्हणते दाढ येतेय. एका ठिकाणी तापाचं औषध मिळालं. तुम्ही मोबाइलवर ‘नोमा’बद्दल, म्हणजे हिरडीपासून गालाचं मांस सडवत जाणाऱ्या आजाराबद्दल, वाचलंत आणि विचारताय की हा तोच आजार का, आणि मुलीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं की लहान मुलांच्या.

नाव काय, यापेक्षा महत्त्वाचं हे की ही तक्रार दाताची आहे की सगळ्या लेकराची. माझ्या मते ती सगळ्या लेकराची आहे. हिरडी ही फक्त ती जागा, जिथे अंगातली हार पहिल्यांदा दिसते. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञ असलेलं आणि भरती करून घेणारं रुग्णालय, दंतवैद्य तिथे येऊन तोंड बघेल. मी नाशिकला तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो, म्हणजे या बाबतीत दातांच्या बाजूचाच माणूस, तरी माझं मत हेच आहे. सुजलेल्या गालाचं लेकरू दंतवैद्याच्या खुर्चीत एकटं येऊन परत घरी जाता कामा नये.

मुलीला न पाहता मी ‘हा नोमाच’ असं म्हणणार नाही. आपल्याकडे तो फार क्वचित दिसतो. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत जास्त, पण आशियातही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. जास्त करून दोन ते सहा वर्षांची, कुपोषित मुलं त्यात सापडतात. उपचार न मिळाल्यास दहातली नऊपर्यंत मुलं दगावतात, आणि वेळेत साधी प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक वाचतात. इतका फरक फक्त वेळेने पडणारे आजार माझ्या कामात फार थोडे आहेत. म्हणून पक्कं निदान होईपर्यंत, तो आहे असं धरूनच हालचाल करायची. चुकीचं ठरलं तर लेकराच्या पोटात काही दिवसांचं औषध जास्त जाईल, एवढंच नुकसान.

हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ ‘चरणं’. आपल्याकडे जुनी माणसं ‘जखम चरत चालली’ म्हणतात ना, तसंच. आणि खरोखर तो चरतच जातो: हिरडीवरून गालाच्या आतल्या बाजूला, तिथून स्नायू, हाड आणि शेवटी बाहेरची कातडी. वरून पाहणाऱ्याला दिसतं ते शेवटचं. काम मात्र आतून कधीचं चालू झालेलं असतं.

हे घडतं कसं, ते कळलं की घाई का हवी तेही कळतं. प्रत्येकाच्या तोंडात जंतू असतात. त्यातले काही हवा नसलेल्या सांदीत, दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत राहतात. धडधाकट मुलाचं शरीर त्यांना तिथेच दाबून ठेवतं. गोवर येऊन गेला की प्रतिकारशक्ती पुढचे कित्येक आठवडे, कधी महिने, खाली बसते. अंगातलं अ जीवनसत्त्व संपतं. त्यात मूल आधीच वजनाने कमी, कामाच्या ठिकाणी आईला वेळेवर भरवायला उसंत नाही, तोंड आल्यामुळे आठवडाभर अन्न नाही. एवढी वाट मोकळी झाली की ते जंतू हिरडीचं मांस मारायला लागतात. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, आणि रक्त जात नाही तिथे औषधही पोचत नाही. म्हणून हिरडी लाल किंवा राखाडी असताना जे औषध गुण देतं, तेच गाल काळा पडल्यावर त्या जागेपर्यंत जातच नाही.

वासही त्याच जंतूंचा. म्हणून मी प्रत्येक शिबिरात वासाबद्दल बोलतो. दात न घासल्याचा, किडक्या दाताचा वास वेगळा. हा सडक्या मांसाचा असतो, खोलीत शिरताच येतो. तुमच्या अंगणवाडीतल्या पोरांना तो कळला, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मोठी माणसं संकोचाने वासाबद्दल बोलत नाहीत, आईला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतात, आणि तेवढ्यात आठवडा जातो.

तोंड बघायची पद्धत सांगतो, गाडी येईपर्यंत करता येईल. आईला समोर बसवा, दोघींचे गुडघे एकमेकींना टेकवा. मुलीचं डोकं तुमच्या मांडीवर, पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, हात आईने धरायचे. मुलगी रडेल, रडू दे, रडताना तोंड उघडतं. हात साबणाने धुऊन बोटाला स्वच्छ कापड गुंडाळा, ओठ हळूच वर करा, दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च धरायला लावा. दोन दातांच्या मध्ये हिरडीचं जे टोक असतं तिथे बघा. चांगल्या हिरडीत ते गुलाबी आणि टोकदार असतं, डोंगराच्या शेंड्यासारखं. इथे ते टोकच गेलेलं असेल, जागी खळगा, वर पिवळट-राखाडी साय धरलेली, आणि कापड नुसतं टेकलं तरी रक्त. मग गालाची आतली बाजू बघा, कारण हिरडीवरचा राखाडी पट्टा गालावर चढला असेल तर मामला पुढे गेलाय. बाहेरून गालावर हलकेच बोट फिरवा: कातडी ताणून चकाकते का, मध्ये कठीण गाठ लागते का, कुठे निळसर ठिपका दिसतो का. एवढं बघून थांबा. साय खरवडू नका.

प्रत्येक तोंड आलेलं मूल म्हणजे हा आजार नव्हे, हेही सांगायला हवं, नाहीतर पाड्यापाड्यावर घबराट होईल. लहान मुलांत सगळ्यात जास्त दिसतं ते नागिणीच्या कुळातल्या विषाणूचं तोंड येणं. त्यात ताप असतो, हिरड्या लाल नि सुजलेल्या असतात, पण सोबत जीभ, ओठ, टाळू असे सगळीकडे बारीक फोड उठतात आणि दहा-चौदा दिवसांत आपोआप बरं होतं. हिरड्यांची टोकं झडत नाहीत. किडक्या दाढेचं गळू असेल तर सूज त्या दाढेच्या लगत असते, दाढ काळी दिसते, तिला हात लावू देत नाही. त्यालाही आजच उपचार हवेत, पण वाट वेगळी. हिरड्यांतून रक्त येतंय आणि शिवाय मूल पांढरं पडलंय, अंगावर मार न लागता निळे डाग आहेत, असं असेल तर रक्ताच्या कर्करोगाची शंका घेऊन सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करावी लागते. आणि दाढ येणं? अडीच वर्षांच्या मुलाला शेवटच्या दुधाच्या दाढा येतातच, हिरडी थोडी फुगते, लाळ गळते. पण दाढ येण्याने गाल सुजत नाही आणि मांसाला वास येत नाही. आजीला एवढं एक वाक्य सांगा, तिला पटेल.

आता औषधांचं. गाल सुजायच्या आधी, नुसती हिरडीच बिघडलेली असेल तर ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल ही दोन औषधं, क्लोरहेक्सिडिनने तोंड पुसणं, अ जीवनसत्त्व आणि नीट आहार, यावर बहुतेक मुलं सुधारतात. दोन्ही औषधं स्वस्त आहेत. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका आणि पेनिसिलिनच्या औषधाने कधी अंगावर पुरळ उठली होती का ते आठवून सांगा. अडीच वर्षांचं मूल चूळ भरू शकत नाही, गिळून टाकतं, म्हणून औषधात गॉज भिजवून, पिळून, हिरड्या पुसायच्या. तुमच्या मुलीचा गाल सुजलाय, म्हणजे ती या पायरीच्या पुढे गेल्याची शंका आहे. तिला भरती करून शिरेतून औषधं, सलाईन, रक्तातली साखर आणि क्षार यांची तपासणी, हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर रक्त, एवढं लागू शकतं. गाल सुजण्यापासून काळा डाग पडेपर्यंत मध्ये काही दिवसच असतात, कधी दोन-तीनच. तुमची मुलगी नेमकी त्या दिवसांत आहे.

अ जीवनसत्त्वाचं मुद्दाम विचारा. गोवर झालेल्या एक वर्षावरच्या मुलाला दोन लाख युनिटचा डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचा असतो. गोवर परगावी निघाला असेल तर बहुधा कुणी दिलेला नसतो. इथल्या यादीत मूल स्थलांतरित, तिथल्या यादीत त्याचं नावच नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मालेगावला गोवराची साथ आली तेव्हा सगळं लक्ष पुरळ उठलेल्या मुलांवर होतं, ते बरोबरच होतं. पण पुरळ मावळल्यावर चार-सहा आठवडे त्या मुलांच्या तोंडात कुणीतरी बघत राहायला हवं, असं मी तेव्हाही सांगत होतो.

दंडघेर, म्हणजे रंगीत पट्टीने मोजलेला दंडाचा घेर, तुम्ही लिहिला नाहीत. पट्टी लाल दाखवत असेल, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, किंवा दोन्ही पावलांवर बोट दाबून खळगा राहत असेल तर ती सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात, आहे आणि तिचं खाणंही औषधासारखं मोजून द्यावं लागेल. अशा मुलाला एकदम भरपूर, तूपसाखर घालून भरवलं तर अपाय होतो. पोषण पुनर्वसन केंद्रात आधी पातळ उपचारी दूध थोडं थोडं दिवसरात्र देतात, मग वाढवतात. लोहाचं औषधही जंतुसंसर्ग आटोक्यात येईपर्यंत थांबवतात, म्हणून घरात असलेली रक्तवाढीची बाटली आज उघडू नका. वाटेत मात्र उपाशी ठेवू नका. अंगावर पीत असेल तर पिऊ द्या. कोमट दूध किंवा नागलीची पातळ पेज, मीठ कमी, तिखट अजिबात नाही, बऱ्या बाजूने चमच्याने थेंब थेंब. घोट घेताना ठसका लागत असेल तर थांबा.

माझ्याकडे आलेली दोन मुलं सांगतो, म्हणजे मी एवढा जोर का देतो ते कळेल.

पहिला मुलगा, बऱ्याच वर्षांपूर्वीचा, श्रावणातला. घाटाकडच्या गावातला, तीन वर्षांचा. आई त्याच्या तोंडावर पदर धरून बाकावर बसली होती. मी व्हरांड्याच्या टोकाला होतो तेव्हाच मला वास आला. पदर बाजूला केला तर ओठाच्या कोपऱ्याजवळ रुपयाएवढा काळा डाग, कडेने लाल रेघ, आणि डागाला हात लावला तरी पोर रडलं नाही, कारण तिथलं मांस मेलेलं होतं. त्याच्या आधी तो दोन ठिकाणी जाऊन आला होता. एका ठिकाणी तापाचं औषध दिलं, दुसरीकडे सांगितलं की दुधाचे दात आहेत, पडतील. दोन्हीकडे कुणी ओठ उचलून बघितलं नव्हतं. अकरा दिवस गेले होते. पोर वाचलं. पण डाग गळून गालाला भोक राहिलं, पेज तिथून बाहेर यायची, आणि जखम भरताना जबडा आखडत गेला. बापाला आम्ही आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या: दातांच्या फटीत एकावर एक सरकवायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. तो माणूस शेतमजुरी करून रोज संध्याकाळी पोराला मांडीवर घेऊन तेवढं करत राहिला. चार काड्यांवरून नऊवर आला. गाल बंद करायची शस्त्रक्रिया त्यानंतर वर्षाने केली, कारण ताज्या जखमेवर टाके टिकत नाहीत, सगळं शांत व्हावं लागतं.

दुसरी मुलगी एका शिबिरात भेटली. चार वर्षांची, तिच्याही अंगात गोवर येऊन गेलेला, हिरडीची तीन-चार टोकं झडलेली, वास तोच. गाल मऊ होता. तिथल्या आशाताईने वासावरूनच तिला रांगेतून पुढे आणलं होतं. त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं, आशाताई रोज दोनदा घरी जाऊन हिरड्या पुसायच्या. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘सर, वास गेला.’ पुढे तिच्या चेहऱ्यावर काहीही राहिलं नाही. शाळेच्या फोटोत ती कोणती हे मला ओळखता आलं नाही.

काय करू नये, तेही थोडक्यात. हिरडीवर मशेरी किंवा तुरटीची पूड लावू नका, लवंगेचं तेलही नको, भाजतं. गालावर शेक नको, डागणं तर नकोच. सूज सुईने फोडायची नाही, कुणी ‘आतला दात काढून टाकू’ म्हणालं तर सूज असताना ऐकू नका. हलणारे, सुटलेले दात रुग्णालयातच, औषधं सुरू झाल्यावर काढतात. घरच्यांनी आधी भगताकडे नेलं असेल तर त्यावरून भांडू नका, त्यात वेळ जातो. भगताला विश्वासात घेता आलं तर घ्या. माझ्या अनुभवात ‘आधी दवाखाना, मग माझ्याकडे’ असं त्यांनी स्वतः सांगितलं की घरचे लगेच निघतात.

आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बाकीच्या पालकांना हे तुम्ही सांगायला हवं, म्हणजे बरी होऊन परत आल्यावर तिला कोपऱ्यात बसवणार नाहीत. मात्र तिची भावंडं आणि त्यांच्यासोबत कामाला गेलेल्या घरांतली मुलं याच आठवड्यात बघा. तीही तिथलंच खाऊन, तिथल्याच गोवरातून आली आहेत. प्रत्येकाचा ओठ उचला, दंडघेर घ्या, गोवर-रुबेलाचा नऊ महिन्यांचा आणि सोळा महिन्यांनंतरचा, असे दोन्ही डोस झालेत का ते कार्डावर बघा.

मोठ्या माणसांबद्दल एकच. एखाद्याला मधुमेह आहे, गाल किंवा डोळ्याखाली सूज आलीय, एका बाजूचं नाक बंद, टाळू काळी पडतेय, तर तो वेगळा आजार: काळी बुरशी, जी २०२१ मध्ये कोविडनंतर आपण सगळ्यांनी बघितली. औषध वेगळं, घाई तेवढीच.

पेठहून नाशिकला पाठवायचं ठरलं तर कोटंबी आणि सावळघाट पार करून त्र्यंबक नाक्यावरचं जिल्हा रुग्णालय. निघताना गाडीत एक जण मुलीला कुशीवर धरून बसेल असं बघा, लाळ आणि रक्त घशात जाऊ नये म्हणून. चिठ्ठी तुम्ही किंवा उपकेंद्राच्या सिस्टरने लिहून द्या आणि आईच्या हातात नुसती देऊ नका, आत काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवा: गोवर कधी निघाला, हिरडीतून रक्त किती दिवस, गाल कधी सुजला, वजन, दंडघेर, अ जीवनसत्त्व दिलं की नाही, आतापर्यंत कोणती औषधं पोटात गेली. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात ‘नोमाची शंका, हिरडीचं मांस झडलेलं, गालाला सूज’ असं लिहा. नुसतं ‘गालाला सूज’ लिहिलंत तर तिला दातांच्या ओपीडीच्या रांगेत बसवतील, आणि ती ओपीडी दुपारी बंद होते.